आई-बाबांना युरोप दाखवायचा, की आपलं घर?

पत्र थोडक्यात: स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात नोकरीनिमित्त राहणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं हे पत्र. तिच्या रहिवासी परवान्यावर नवरा आणि सात वर्षांचा मुलगा सोबत आहेत. वडील ७१ वर्षांचे, धुळ्याकडचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. आई ६६ वर्षांची, एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. दोघंही शाकाहारी, आणि दोघांचाही हा पहिलाच परदेश प्रवास. मुलीचा बेत असा, की मार्चच्या मध्यावर त्यांना बोलवायचं, म्हणजे तिथला फायास हा फटाक्यांचा आणि पुतळ्यांचा उत्सव आणि गुढीपाडवा एकत्र साधेल. मग ईस्टरच्या सुटीत गाडी भाड्याने घेऊन दक्षिण फ्रान्स आणि इटली करत थेट रोमपर्यंत जायचं. नवऱ्याला मात्र ईस्टरला तिघांनीच ग्रीसला जायचंय. दोन वर्षांत आपण एकही सुटी आपल्यासाठी घेतली नाही, असं तो म्हणतो. तिचं रहिवासी कार्ड २८ एप्रिलला संपतंय, पण 'युरोपातल्या युरोपात फिरायला कसली अडचण?' असं तिला वाटतं. तिचा प्रश्न: 'आई-बाबा पुन्हा येतील न येतील. या वसंतात सगळं दाखवलं नाही, तर मी स्वार्थी ठरेन का?'

नमस्कार.

तुमच्या पत्रात रोम, नीस, फ्लोरेन्स ही नावं पुन्हा पुन्हा येतात. पण ती सगळी तुम्ही घेतलेली आहेत. आई-बाबांच्या तोंडची म्हणून तुम्ही जी वाक्यं लिहिली आहेत ती दोनच. आई विचारतात, 'तिथं भाजी कुठून आणतेस गं?' आणि बाबा विचारतात, 'तुमच्याकडे पाऊस किती पडतो, शेताला पाणी कुठून येतं?' दोघांनाही लेकीचं राहणं बघायचंय. ती कुठे राहते, काय खाते, नातवाला कोणत्या रस्त्याने शाळेत सोडते, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचंय. मग इतके देश दाखवायचे हे ठरवलं कुणी? शेंगेन या युरोपच्या सामाईक व्हिसावर २९ देश फिरता येतात हे खरं, पण ती मुभा आहे. ते फिरून पुरे करायचे असं कुणी सांगितलेलं नाही.

'पुन्हा येतील न येतील' या भीतीमुळे सगळं एकाच खेपेत कोंबायची घाई होते. ही भीती मी हलकी मानत नाही. पण भारतीयांसाठी एप्रिल २०२४ पासून शेंगेन व्हिसाचा नियम बदललाय. तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून ते नीट, वेळेत परत जाऊन वापरले असतील, तर पुढचा व्हिसा साधारणपणे दोन वर्षांचा आणि अनेक प्रवेशांचा देतात. त्यानंतर पासपोर्टची मुदत पुरेशी असेल तर पाच वर्षांचाही. म्हणजे ही पहिली भेट जितकी सोपी, सरळ आणि त्रासाविना होईल, तितकी पुढची भेट जवळ येईल. पहिल्याच खेपेला गुडघा सुजून परत गेलेली आई दुसऱ्या खेपेला 'नको गं बाई' म्हणेल.

आता कार्डाचं. पुढचे सगळे बेत त्यावर उभे आहेत, म्हणून ते आधी.

मुदतीतलं स्पॅनिश कार्ड आणि पासपोर्ट हातात असेल, तर दुसऱ्या शेंगेन देशांत १८० दिवसांपैकी ९० दिवस फिरता येतं. कार्ड संपलं की ही सवलत थांबते. मुदत संपण्याआधी दोन महिन्यांपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, म्हणजे तुमच्यासाठी फेब्रुवारीच्या शेवटापासून. मुदत संपल्यावरही तीन महिने अर्ज घेतात, पण तिथवर थांबू नका. अर्ज वेळेत गेला, की निकाल येईपर्यंत स्पेनमधलं तुमचं राहणं कायदेशीरच असतं. घोटाळा इथेच होतो. अर्जाची पावती स्पेनपुरती चालते. २८ एप्रिलनंतर नुसती ती दाखवून फ्रान्समध्ये फिरणं किंवा रोमहून परत येणं तिच्यात बसत नाही. सीमेवर रोज तपासणी नसते म्हणून पुष्कळ लोक जातात आणि बहुतेकदा काही होत नाही. पण विमानतळावर किंवा रेल्वेत तपासणी झाली, तर सोबत भाषा न येणारे दोन वृद्ध आणि एक लहान मूल असेल. ही जोखीम घेऊ नका.

अर्ज प्रलंबित असताना अचानक भारतात जावं लागलं, तर पोलिसांकडून 'आउतोरिसासियोन दे रेग्रेसो' म्हणजे परतीची परवानगी काढावी लागते. ती जास्तीत जास्त ९० दिवसांची असते आणि तिच्यावर थेट स्पेनमध्येच उतरावं लागतं. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसला विमान बदलून यायचं म्हटलं तर तिथे शेंगेनमध्ये प्रवेश होतो, आणि तो या कागदावर चालत नाही. अशा वेळी दोहा, इस्तंबूलसारख्या शेंगेनबाहेरच्या ठिकाणाहून सरळ माद्रिद, बार्सिलोना किंवा व्हॅलेन्सियाचं तिकीट घ्यावं. इटलीत राहणाऱ्या वाचकांनाही हेच लागू आहे. नूतनीकरणाच्या पावतीवर इटलीतून भारतात जाऊन इटलीत परत येता येतं, वाटेत दुसऱ्या शेंगेन देशात उतरून नाही.

नवऱ्याचं आणि मुलाचं कार्ड तुमच्याच कार्डाशी बांधलेलं आहे, तेव्हा तिघांचे अर्ज एकत्र तयार करा. मुलगा सात वर्षांचा, म्हणजे सक्तीच्या शिक्षणाच्या वयातला. त्यामुळे तो शाळेत जातो याचा दाखला लागेल. तो फेब्रुवारीतच मागा, कारण फायासच्या आठवड्यात शाळा बंद असतात आणि त्यापाठोपाठ ईस्टरची सुटी येते.

भाड्याच्या गाडीचा बेत मात्र पूर्ण सोडा. तुमच्याकडे भारतीय परवाना आणि आंतरराष्ट्रीय परमिट आहे असं तुम्ही लिहिता. ते पर्यटकाला चालतं. स्पेनमध्ये रहिवासी झाल्यावर सहा महिन्यांनी भारतीय परवाना इथे निरुपयोगी होतो. भारताशी परवाना बदलून घेण्याचा करारही नाही. लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा देऊन स्पॅनिश परवाना काढणं हाच मार्ग आहे. भाड्याच्या गाडीवाल्याने परवाना बघून चावी दिली म्हणजे सगळं ठीक, असं होत नाही. अपघात झाला की विमा कंपनी तुमची रहिवासाची तारीख बघते, आणि नुकसानभरपाईचा सगळा बोजा तुमच्यावर येऊ शकतो. ही चूक भूमध्य समुद्राकाठच्या आपल्या लोकांकडून फार होते. म्हणून इटली, ग्रीस, माल्टात राहणाऱ्यांनीही आपापल्या देशाचा नियम आधी विचारून घ्यावा.

मार्चचा मोह मला कळतो. २०२६ मध्ये गुढीपाडवा १९ मार्चलाच आहे, आणि फायासचा शेवटचा दिवसही तोच. सकाळी गुढी, रात्री 'क्रेमा', म्हणजे महाकाय पुतळ्यांचं दहन. असा योग सारखा येत नाही. पण त्या आठवड्याचा दिवस आईच्या गुडघ्यावरून मोजून पाहा. १ ते १९ मार्च रोज दुपारी दोनला टाउन हॉलच्या चौकात 'मस्क्लेता' होते. त्यात बारूदाचा आवाज १२० डेसिबलच्या वर जातो आणि माणसं तासभर आधीपासून उभी असतात. १५ तारखेपासून सकाळी आठला गल्लीत फटाके आणि बँड सुरू होतात, ते मध्यरात्र उलटेपर्यंत. रस्ते बंद, बस वळवलेल्या, मेट्रोत पाय ठेवायला जागा नाही. ज्या मधल्या भागात सगळं घडतं तिथे बसायला बाकही मिळत नाही. नातवाला हे सगळं अपार आवडेल. आजी-आजोबा दुसऱ्या दिवशी कान धरून घरात बसतील, आणि तुम्ही दोन्हीकडे ओढल्या जाल. शिवाय आज जानेवारी आहे. मार्चच्या मध्यापर्यंत निमंत्रणपत्र, मुंबईच्या व्हिसा केंद्रातली भेटीची वेळ आणि व्हिसा हे सगळं बसवायचं म्हटलं, तर रोज एक धाकधूक.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. फायास तुम्ही तिघांनी मनसोक्त बघा. पाडव्याला गॅलरीत गुढी उभारा, पण ती नेहमीसारखी सूर्यास्ताआधीच उतरवा. त्या रात्री ठिणग्या आणि चुकार फटाके कुठूनही येतात, आणि गुढीचं वस्त्र रेशमी असतं. आणखी एक. व्हॅलेन्सियाच्या रस्त्यांवर कडुनिंबासारखं दिसणारं झाड सगळीकडे आहे, पिवळी गोल फळं लोंबत असलेलं. ते आपल्याकडचं बकाण नीम, मेलिया. ते विषारी आहे. पाडव्याला त्याचं पान किंवा फळ तोंडात घालू नका, मुलालाही घालू देऊ नका. कडू चवीसाठी घरातली चिमूटभर मेथी पुरे. त्या दिवसांत कोपऱ्याकोपऱ्यावर तळले जाणारे 'बुन्युएलोस' नक्की खा. भोपळ्याचा गर, मैदा आणि यीस्ट यांचे हे वडे वरून साखर लावून देतात. आईला फोनवर सांगा, हे इथले घारगे आहेत म्हणून.

आता नवऱ्याचं म्हणणं. पत्रात ते तुम्ही अडथळा म्हणून मांडलंय, पण ते नीट वाचलं तर तुमच्या सगळ्या गुंत्याची किल्ली त्यातच आहे. व्हॅलेन्सियात शाळांची ईस्टरची सुटी पवित्र गुरुवारी, २ एप्रिलला सुरू होते आणि सान व्हिसेन्तेच्या सोमवारपर्यंत, १३ एप्रिलपर्यंत चालते. तेव्हा तुमचं कार्ड मुदतीत असेल. आपला ईस्टर ५ एप्रिलला, ग्रीसमधला ऑर्थोडॉक्स ईस्टर १२ एप्रिलला. म्हणजे ४ ते ९ एप्रिल या दिवसांत गेलात, तर तिकडची मोठी सुटी सुरू व्हायच्या आत परताल. १० तारखेला त्यांचा पवित्र शुक्रवार, त्या दिवशी बरंच काही बंद किंवा अर्धवेळ असतं.

बेटांवर मात्र जाऊ नका. एप्रिलच्या सुरुवातीला बोटी कमी असतात, वारा सुटला की त्याही रद्द होतात, खानावळी ईस्टरनंतर उघडतात आणि समुद्र पोहण्याजोगा नसतो. अथेन्समध्ये मुक्काम ठेवा आणि दोन दिवस बसने नाफ्प्लिओकडे काढा. या आठवड्यात शाकाहारी माणसाला ग्रीस फार सोपं जातं. ईस्टरआधी चाळीसहून अधिक दिवस त्यांचा उपवासाचा काळ असतो आणि खानावळींत 'निस्तीसिमा', म्हणजे उपवासाचे पदार्थ मांडलेले असतात. मांस, अंडी, दूध, मासे वगळलेले. पांढऱ्या वालाची फासोलादा, टोमॅटोत भाजलेले मोठे वाल, उकडलेल्या रानभाज्या यांवर दिवस निघतात. एवढंच लक्षात ठेवा, की कोळंबी आणि ऑक्टोपस त्यांच्या उपवासाला चालतात. त्यामुळे विचारल्याशिवाय ताटात घेऊ नका. शेंगेनच्या आतल्या विमानालाही पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ ठेवा. नुसतं कार्ड पुरत नाही.

अशी सहा दिवसांची सुटी घेऊन आलात की पाहुणचार करायला अंगात बळ असेल. स्वार्थाचा प्रश्न तुम्ही विचारलात म्हणून सांगते. दोन वर्षांत एकदाही न थांबलेली मुलगी विमानतळावर आई-बाबांना घ्यायला उभी राहते, तेव्हा तिचा थकवा त्यांना पहिल्या मिनिटाला दिसतो.

आई-बाबांना बोलवा २० एप्रिलच्या सुमाराला, आणि तीन आठवडे ठेवा. तेव्हा धुळ्यात पारा चाळिशीपार गेलेला असतो आणि व्हॅलेन्सियात दुपारी २१-२२ अंश, रात्री ११-१२. रविवारी, ३ मे रोजी स्पेनमधला मातृदिनही त्याच मुक्कामात येतो.

या भेटीची कामं आत्ताच सुरू करायला हवीत. पहिलं, 'कार्ता दे इन्बितासियोन'. पाहुणे तुमच्या घरी राहणार असतील तर हे निमंत्रणपत्र राष्ट्रीय पोलिसांकडून मिळतं. त्यासाठी आधी वेळ घ्यावी लागते, भाडेकरार, पत्त्याची नोंद आणि नात्याचे पुरावे दाखवावे लागतात, आणि हातात यायला काही आठवडे जाऊ शकतात. तुमचं कार्ड मुदतीत असतानाच हा अर्ज करून टाका. पत्राची मूळ प्रत भारतात पाठवायची असते, मोबाइलवरचा फोटो चालत नाही. त्या पत्राने फक्त राहण्याची सोय सिद्ध होते, खर्चाची नाही. स्पेन दर माणशी दर दिवसाला शंभर युरोंहून अधिक रक्कम दाखवायला सांगतं. म्हणून बाबांच्या पेन्शनच्या खात्याचे सलग उतारे जोडा. आयत्या वेळी खात्यात मोठी रक्कम भरली, तर उलट शंका येते.

व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो. शुल्क माणशी ९० युरो, त्यावर अर्ज केंद्राचं सेवाशुल्क. निकालाला १५ दिवस धरतात, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. म्हणून फेब्रुवारीतच अर्ज जायला हवा. बोटांचे ठसे द्यायला दोघांनाही स्वतः जावं लागेल. विमा किमान ३०,००० युरोंचा आणि मुक्कामाचे सगळे दिवस झाकणारा हवा. त्यात जुन्या आजारांचं कलम वाचून घ्या. बऱ्याच स्वस्त पॉलिसींमध्ये रक्तदाब, मधुमेहामुळे उद्भवलेला खर्च वगळलेला असतो. व्हिसा एकाच प्रवेशाचा मिळाला, तर मोरोक्को किंवा तुर्कीला दोन दिवस जाऊन यायचा विचारसुद्धा करू नका. शेंगेनबाहेर पाऊल पडलं की तो संपला.

ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर शिक्क्याऐवजी ठसे आणि चेहरा नोंदवायची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. रहिवासी कार्डवाल्यांना ती लागू नाही, पण आई-बाबांना आहे. ही नोंद शेंगेनमधल्या पहिल्या विमानतळावर होते, तेव्हा वाटेत विमान बदलायचं असेल तर मध्ये तीन तासांहून कमी वेळ ठेवू नका. आईसाठी चाकाच्या खुर्चीची मागणी तिकिटावर किमान ४८ तास आधी नोंदवा. ती मोफत असते. खुर्चीसोबत येणारा माणूस दोघांना रांगेतून बरोबर नेतो, त्यामुळे भाषेची अडचणही सुटते.

सामानात काय येईल याचीही कल्पना द्या, नाहीतर आईची बॅग विमानतळावर उघडली जाईल आणि त्यांना वाईट वाटेल. युरोपीय संघात बाहेरून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, खवा सगळं बाद. ताजी फळं-भाज्याही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. एप्रिल-मे म्हणजे हापूसचा हंगाम, बाबा अर्धा डझन तरी कागदात गुंडाळतीलच. त्यांना आधीच सांगा. कढीपत्ताही तसाच. नारळ आणि केळी यांना सूट आहे. डबाबंद आमरस, मेतकूट, गोडा मसाला, पापड, लोणचं यांना हरकत नाही. औषधं हातातल्या पिशवीत, मूळ वेष्टनात आणि मूळ रासायनिक नावं लिहिलेल्या चिठ्ठीसह आणायला सांगा, कारण भारतातली ब्रँडची नावं इथल्या औषधवाल्याला कळत नाहीत.

घराबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, 'आमचं घर बाहेरपेक्षा गार'. ती महत्त्वाची आहे. भूमध्य समुद्राकाठची जुनी घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली. फरशी, जाड भिंती, मध्यवर्ती हीटर नाही. एप्रिलअखेरीसही उत्तरेकडची खोली ओलसर आणि १८ अंशांच्या आसपास असते. आई-बाबांना दक्षिणेची किंवा पूर्वेची खोली द्या, स्वतः उत्तरेला झोपा. ऊन असेल तेव्हा अकरा ते चार पडदे-झडपा पूर्ण उघड्या ठेवा, ऊन उतरलं की बंद. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, म्हणजे मागे बुरशी धरणार नाही. दोघांसाठी जाड मोजे आणि रबरी तळाच्या सपाता आणून ठेवा. गार फरशीवर अनवाणी चालल्याने गुडघा आखडतो, आणि आपल्याकडचे लोक घरात चप्पल घालत नाहीत.

विजेचंही सांगून ठेवा. इथे घराची 'पोतेन्सिया', म्हणजे एका वेळी घेता येणारा भार ठरलेला असतो. भाड्याच्या घरात तो बहुधा ३.४५ किंवा ४.६ किलोवॉट असतो. तेलाचा हीटर दीड ते दोन, इंडक्शनची एक चूल दोन, गीझर दीड. आईने तिन्ही एकदम लावले की घरभर अंधार. तसं झालं तर एक-दोन उपकरणं बंद करायची, मुख्य खटका खाली करून काही सेकंद थांबायचं आणि वर करायचा. हे बाबांना पहिल्याच दिवशी हाताने करून दाखवा. इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा कुकर चालत नाही, तेव्हा त्यांनी घरून कुकर उचलून आणू नये.

आईच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना मंडईत नेऊन द्या. मधला बाजार, १९२८ साली उघडलेला मेर्कादो सेन्त्राल, सकाळी साडेनऊला जा. दुपारी तीनला तो मिटतो, रविवारी बंद. एप्रिलअखेर तिथे कोवळ्या बाकल्याच्या शेंगा, लसणाची पात, शेवटचे आर्टिचोक आणि ताजे निस्पेरो, म्हणजे लोकाट, मिळतात. आर्टिचोक म्हणजे आल्काचोफा, ते त्यांनी कदाचित पाहिलेलं नसेल. बाहेरची जाड पानं फिकी दिसेपर्यंत सोलायची, वरचा एक तृतीयांश भाग कापून टाकायचा, मधले केस चमच्याने खरवडायचे आणि लगेच लिंबाच्या पाण्यात टाकायचं. पाच मिनिटं तसंच ठेवलं तर काळं पडतं. मग भरल्या वांग्याचा मसाला भरून मंद आचेवर झाकण ठेवून वीस-पंचवीस मिनिटं. आईच्या हाताला ते लगेच जमेल. बाकल्याबाबत एक सावधगिरी: घरात कुणाला जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असेल, तर त्यांनी या शेंगा मुळीच खाऊ नयेत. रक्तातल्या पेशी फुटून जिवावर बेतू शकतं.

बाहेर खाताना 'शाकाहारी' एवढं सांगून भागत नाही. बाकला आणि आर्टिचोकमध्ये बारीक हॅम घालायची इथे पद्धत आहे, सॅलडवर टूना असतो, भात मांसाच्या पाण्यात शिजतो. म्हणून 'सिन कार्ने, सिन खामोन, सिन आतून, सिन काल्दो दे कार्ने' असं चारही सांगा. भाज्यांची पाएया बहुतेक ठिकाणी किमान दोघांसाठी आणि फक्त दुपारी मिळते. रात्रीची स्वयंपाकघरं साडेआठ-नऊला उघडतात, म्हणजे साडेसातला जेवणाऱ्या माणसांचं रात्रीचं जेवण घरीच.

बाबांना एका गुरुवारी कॅथेड्रलच्या प्रेषितांच्या दारापाशी न्या, पावणेबाराला. बाराच्या ठोक्याला तिथे जलन्यायालय भरतं. तुरिया नदीच्या पाटांवरच्या शेतकऱ्यांनी निवडून दिलेले प्रतिनिधी काळे डगले घालून वर्तुळात बसतात, तंटा तोंडी ऐकतात आणि तिथल्या तिथे निकाल देतात. युनेस्कोने २००९ साली ही परंपरा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. तंटा नसेल तर पाच मिनिटांत उठतात, म्हणून उशीर करू नका. ज्या माणसाने पांझरेकाठची फड पद्धत आणि पाणीवाटपाची भांडणं पाहिली आहेत, त्याला इथे काही समजावून सांगावं लागणार नाही. पावसाचंही उत्तर देऊन ठेवा: वर्षाला साधारण ४५० मिलिमीटर, त्यातला मोठा वाटा शरद ऋतूत. म्हणून तर पाटाला इतका मान. मे महिन्यात शहराजवळच्या आल्बुफेरा सरोवराकाठच्या भातशेतात पेरणीसाठी पाणी सोडतात. एका संध्याकाळी शहरातल्या बसने तिकडे जा आणि होडीत बसा.

बाकी दिवस तुरियाच्या बागेत. १९५७ च्या पुरानंतर नदी शहराबाहेर वळवली आणि जुन्या पात्रात नऊ किलोमीटरची बाग झाली. सपाट, सावलीची, बाकांची. रोज एकच तुकडा, दोन किलोमीटरच्या आत. कॅथेड्रलच्या मनोऱ्याच्या २०७ पायऱ्या आणि शातिवाचा किल्ला गुडघ्यासाठी वगळा. शातिवा गावात मात्र लोकल गाडीने जाऊन या. मुक्कामी प्रवास एकच ठेवा. परतीचं विमान माद्रिदहून घ्या, दोन तासांच्या आत पोचवणाऱ्या एवीई या वेगवान रेल्वेने जा, तिथे दोन रात्री राहून त्यांना निरोप द्या. १ मे शुक्रवारी येतोय, त्या तीन दिवसांत तिकिटं महाग आणि गर्दी, तेव्हा घरीच थांबा. एखाद्या दिवशी आकाश पिवळट झालं तर ती सहाराची धूळ असते. त्या दिवशी खिडक्या लावून घ्या आणि दम्याचा त्रास असणाऱ्याला बाहेर नेऊ नका. ऑलिव्हचे परागही मे महिन्यात वाढतात.

या रविवारी दुपारी तीनला फोन करा. धुळ्यात तेव्हा साडेसात वाजलेले असतील, जेवायच्या आधीची वेळ. (२९ मार्चला इथली घड्याळं पुढे जातील, मग अंतर साडेचार तासांऐवजी साडेतीन होईल.) रोमचं नाव काढू नका. विचारा, 'तुम्हाला माझ्याकडे आल्यावर काय काय बघायचंय?' आणि दोघांनाही बोलू द्या. मग बाबांना दोन्ही पासपोर्ट काढून तीन गोष्टी वाचून दाखवायला सांगा: दिल्याची तारीख गेल्या दहा वर्षांतली आहे का, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिन्यांची मुदत आहे का, आणि दोन पानं कोरी आहेत का.